मुक्याबाबाच्या ओट्यावरची पारबतामाय

पारबतामाय दोघींचं बोलायची, स्वतःचं आणि गोदीचं. गोदी तिची मुलगी. वय पस्तिशीच्या आसपास, जन्मापासून मुकी आणि बहिरी. पारबतामाय आधी आपलं म्हणणं मांडायची, मग मान जराशी गोदीकडे वळवायची आणि "गोदी म्हणते" अशी सुरुवात करून गोदीचंही सांगून टाकायची. दोघींचं क्वचितच जुळायचं. "मी म्हणते, साहेबाले चहा नका देऊ, दूध नासलं. गोदी म्हणते, कोरा द्या." आणि खरोखर गोदी कोऱ्या चहाची कपबशी घेऊन समोर उभी असायची. यातलं गोदीचं किती आणि मायचं किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही. नंतर लक्षात आलं, की जे स्वतःच्या तोंडून बोलायला जड जाई ते ती गोदीच्या नावावर घालायची. पण सगळंच तसं नव्हतं. काही म्हणणं नक्की गोदीचंच असायचं, कारण ते ऐकून माय स्वतःच चिडायची.

मी मोजणीवाला माणूस. कुठे तलाव व्हायचा असला की आधी आमच्यासारखे लोक दुर्बीण घेऊन जातात, कोणती जमीन किती उंच ते कागदावर मांडतात, आणि त्यावरून पाणी कुठवर येणार ते ठरतं. मुक्काम देऊळगाव राजाला आणि काम आजूबाजूच्या चार तालुक्यांत. बीबी गाव सोडून सुलतानपूरकडे निघालं की एक कच्चा रस्ता आत फुटतो. त्या रस्त्यावरच्या एका गावी साठवण तलाव मंजूर झाला होता. गावाचं नाव मी सांगत नाही. त्या गावाकडे माझ्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं फारसं काही नाही, आणि त्यात चूक गावाची नाही.

गावाबाहेर नाल्याच्या काठाला एक उंचवटा होता. लोक त्याला मठ म्हणत. मठ म्हणण्यासारखं वर काही उरलेलं नव्हतं. हातभर लांबीच्या जुन्या विटांचे ढीग, चौकोनी खोल्यांची जोती, कोरीव खांबांचे तुकडे आणि कुठेच न पोचणाऱ्या पाच पायऱ्या. बाकीचे दगड पिढ्यान्‌पिढ्या गावात उतरलेले. कुणाच्या उंबऱ्यात, कुणाच्या विहिरीच्या काठाला, कुणाच्या गोठ्यात. मधल्या जोत्यावर मात्र एक मूर्ती बसलेली होती. काळ्या दगडाची, माणसाच्या कमरेएवढी. मांडी घातलेली, हात मांडीत, डोळे खाली. नाक फुटलेलं, एक गुडघा उडालेला. अंगावर शेंदराचे आणि तेलाचे इतके थर, की कोपरं कुठे आहेत ते हात लावूनच कळे. हा मुक्याबाबा.

ज्या लेकराला वेळेवर वाचा फुटत नाही त्याला सोमवारी मुक्याबाबाकडे आणायचं, अशी तिथली रीत. आईने गुळाचा खडा मूर्तीच्या खालच्या ओठावर चिकटवायचा आणि समोर बसून राहायचं. गुळाला पहिली मुंगी लागली की बाबाने खाल्ला असं समजायचं. मग तो खडा काढून, मुंगी झटकून, लेकराच्या जिभेवर ठेवायचा. लेकरू बोलायला लागलं की त्याला एकदा परत आणायचं आणि त्याने बाबासमोर मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं. किती पिढ्या हे चाललं होतं कोण जाणे. मूर्तीचा खालचा ओठ झिजून जवळजवळ नाहीसा झाला होता.

पहिल्या दिवशी मी दुर्बीण लावून उभा होतो तेव्हा ही बाई खराटा हातात घेऊन जवळ आली. किडकिडीत, कपाळावर गोंदण, पदराच्या टोकाला कसली तरी गाठ. ती गाठ म्हणजे गुळाचा खडा हे नंतर कळलं. मागे गोदी. काय पाहता असं तिने विचारलं. जमिनीची उंची, मी म्हटलं. ती म्हणाली, "मंग आमच्या पोट्टीची बी उंची पाहा. ज्याची लग्नं होतात त्याइची उंची इचारतात. हिची कोणी इचारलीच नाही." चेष्टा आहे की काय ते समजेना. पण मी मोजायची पट्टी धरणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या गड्याला हाक मारली, पट्टीशेजारी गोदीला उभं केलं आणि सांगितलं, पाच फूट एक इंच. पारबतामायने बोटांनी आधी पाच आणि मग एक असं गोदीला दाखवलं. गोदी एवढी हरखली, की पुढे मी कधीही गेलो तरी लांबून मला आधी पाच बोटं आणि मग एक दाखवायची. आमचा तो रामराम झाला.

मायलेकींचा बागायती तुकडा होता नाल्याच्या अलीकडे. मेथी, वांगी, कोथिंबीर. बीबीच्या बाजाराला माय भाजी घेऊन जाई. नवरा गोदी लहान असतानाच गेला होता. दीर-पुतण्यांचं घर शेजारी, पण चूल वेगळी. गोदी तीन वर्षांची असताना पारबतामायने तिला पहिल्यांदा मुक्याबाबाकडे आणलं. मग पुढच्या सोमवारी, मग त्याच्या पुढच्या. असे सोमवार होत होत बाई रोजच यायला लागली. ओटा झाडू लागली, तेलवात बघू लागली. पुजारी म्हणून तिला कुणी नेमलं नव्हतं. ती तिथे असायची म्हणून लोक तिला विचारून करू लागले, इतकंच.

मी एकदा तिला विचारलं, की इतक्या वर्षांत गोदी एक शब्द बोलली नाही, तरी तुमचा विश्वास कसा उडाला नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न बावळट वाटला. "ज्याइचं काम झालं ते एकदा येऊन जातात, साहेब. पोट्टं नाव सांगते, नारळ फुटते, की गेले. ज्याइचं नाही झालं तेच राह्यतात. मंग बाबाजवळ राह्यलं कोण?"

आणि खरी गोष्ट तर तिला सुरुवातीपासून ठाऊक होती. गोदी सव्वा महिन्याची असताना तिच्या उशाशी पितळी परात पडली होती. सगळं घर दचकलं, लेकरू हललं नाही. त्याच दिवशी आपण समजलो, असं तिनेच मला सांगितलं. मग गूळ कशासाठी, असं मी विचारायच्या आत ती म्हणाली, "बोलायसाठी नाही लावत मी गूळ. गावात हिले मुकी म्हणतात. इथं हे मुक्याबाबाची हाय. लोकाइच्या लेकराच्या जिभेवर गूळ हेच ठेवते, मी नाही. मी मेल्यावर हे इथं बसन. कोणी ना कोणी सोमवारी येईन, भाकर आणन. हिले उठ कोणी म्हणणार नाही."

हे तिने फार शांतपणे सांगितलं. गोदीचं पुढचं सगळं आयुष्य तिने त्या जोत्यावर मांडून ठेवलं होतं. मुक्या देवाशेजारी मुकी बाई बसली तर कुणाला ते विचित्र वाटत नाही, उलट लोक तिच्या पाया पडतात. मी डोळ्यांनी पाहिलं. गावात ज्या बायका गोदीला हातवारे करून चिडवत, त्याच सोमवारी लेकरू तिच्यापुढे धरून उभ्या राहत. गोदी खडा काढायची, मुंगीला फुंकर मारायची आणि एका बोटाने लेकराची हनुवटी खाली करायची. त्या वेळी तिचा चेहरा डॉक्टरीणबाईसारखा गंभीर असायचा.

ही मूर्ती बुद्धाची आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. लांब कान, केसांच्या बारीक गाठी, मांडीत ठेवलेले हात. मोठा शोध लावल्याच्या थाटात मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "असतीन. त्यानं आपल्या तोंडानं कधी सांगतलं नाही." मग हळूच असंही कळलं, की गावातली बौद्ध मंडळी दर पौर्णिमेला तिथे मेणबत्त्या लावून जातात, शेंदराची तक्रार करत नाहीत, आणि उरलेलं मेण पारबतामाय डब्यात जपून ठेवते. म्हणजे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. न विचारता सांगणारा शहाणा मी एकटाच.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मोजणी सुरू करताना आम्ही एक खुणेचा दगड ठरवतो. त्याच्यावर लाल रंगाने खूण करतो आणि बाकी सगळ्या उंच्या त्या दगडापासून धरतो. दगड आहे तिथे राहिला पाहिजे. तो वरखाली झाला की सगळी मोजणी वरखाली होते. मी मठावर जोत्याच्या बाजूला गवतात एक चपटा दगड बघून त्यावर असा लाल पट्टा मारला होता. पहिल्या खेपेला तलावाची भिंत आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी जिथून निघून जातं ती जागा, मोजून घेतली. आठ दिवसांनी मठाची बाजू मोजायला परत आलो, तर दगडाला शेंदूर लागलेला, वर तेल, बाजूला झेंडूचं फूल, भोवती माती चढवून सारवलेली. आम्हा मोजणीवाल्यांना याचं नवल नसतं. लाल रंगाचा दगड दिसला की आमच्या भागात त्याचा देव व्हायला वेळ लागत नाही. मी हसलो, मोबाइलवर फोटो काढला, ऑफिसातल्या मित्रांना पाठवला. म्हाताऱ्या गड्याने त्या दगडावर पट्टी धरली आणि मी लांबून आकडा घेतला.

नियमाप्रमाणे मी शेवटी दुसऱ्या एखाद्या पक्क्या खुणेवर जाऊन ताळा करायला हवा होता. ऊन फार होतं. बस चुकेल असं वाटत होतं. मी ताळा केला नाही.

आकडे मांडल्यावर दिसलं, की तलाव भरला की पाणी मुक्याबाबाच्या मांडीपर्यंत येणार. पारबतामायने विचारलं तेव्हा मी स्वतः जाऊन मूर्तीच्या मांडीवर बोट ठेवून दाखवलं. मी तिला धीर दिला. मी अहवालात लिहितो, जुनी मूर्ती आहे म्हणून कळवतो, जाणकार लोक येतील, मूर्ती सुरक्षित जागी हलवतील. मला वाटलं ती आशीर्वाद देईल.

"लिहू नका," ती म्हणाली. "पाण्यात राहू द्या त्याले. आपल्या इकडचे तलाव किती दिवस भरून राह्यतात? होळी झाली की पाणी उतरते. उन्हाळ्यात तो उघडा पडन. आमी उन्हाळ्यात येऊ. तुमी लिहिलं तं ते घेऊन जातीन, आणि नेलेलं कोणी आणून देत नाही."

मी तिला समजावलं. पाण्याने दगड खराब होतो, शेवाळ धरतं, चोरीची भीती असते, हा साऱ्या देशाचा ठेवा आहे. अडाणी माणसाला समजावताना सुशिक्षित माणसाचा आवाज जसा होतो तसा माझा झाला असणार. ती ऐकून घेत होती. शेवटी तिने गोदीकडे मान वळवली. "गोदी म्हणते, साहेबानं माझी उंची मोजली, साहेब माझं वाईट नाही करणार."

मी लिहिलं. सविस्तर लिहिलं, फोटो जोडले, आणि लिहिल्याचा मला अभिमानही वाटला.

मूर्ती नेली त्या दिवशी मी हजर होतो. पुरातत्त्व खात्याकडून आलेली माणसं चांगली होती. त्यांनी गोणपाट, गवत, दोर सगळं काळजीने वापरलं. गाव जमलं, बौद्ध वस्तीतल्या बायका मेणबत्त्या घेऊन आल्या, सरपंचाने हार घातला. पारबतामायने पदराची गाठ सोडली, खडा ओठाला लावला आणि समोर बसली. गाडीवाला घाई करत होता. पण त्या दिवशी मुंगी लवकर येईना. अर्ध्या तासाने कुणीतरी खडा काढून तिच्या हातात दिला आणि मूर्ती उचलली. गोदी गाडीमागे धावली नाही, रडली नाही. रिकाम्या जोत्यावर मूर्तीच्या बुडाचा जो स्वच्छ चौकोन उरला होता, त्यात जाऊन बसली. माय म्हणाली, "गोदी म्हणते, मी जागा धरून ठेवते." मला तिथे उभं राहवेना. मी बीबीला येऊन उगाच दोन चहा प्यालो आणि बस पकडली.

पुढच्या सोमवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन बायका आल्या, रिकामं जोतं पाहून परत गेल्या. पारबतामायने धडपड केली. माझ्या लाल दगडाजवळ तिने गोदीला बसवून पाहिलं, शेंदूर ताजा केला. काही उपयोग झाला नाही. मी गेलो तेव्हा ती त्या दगडाकडे बघत म्हणाली, "मुक्याबाबा मुका होता, पण त्याले ओठ तं होते. याले तोंडच नाही. गूळ लावाव कुठं?"

तलावाची भिंत झाली. दुसऱ्या वर्षी पाऊस दमदार झाला आणि तलाव तुडुंब भरला. सांडव्यावरून पाणी वाहायला लागल्याचं कळलं तसा मी पाहायला गेलो. सांडवा वाहतो म्हणजे पाणी याहून वर चढू शकत नाही. मी मठावर चढलो, आणि पाहतो तर जोतं कोरडं. पाणी जोत्याच्या खाली वीतभर थांबलं होतं. मुक्याबाबा जागेवर असता तर त्याच्या पायालासुद्धा ओल लागली नसती.

मी जोत्यावरून उतरून, पाण्याच्या काठाशी आलेल्या त्या लाल दगडाजवळ बसलो. पावसाने त्याच्याभोवतीचा मातीचा लेप धुऊन गेला होता आणि आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या. मठाच्या हातभर लांब विटा, एकावर एक पाच थर, नीट सांधे मोडून रचलेल्या. दगड जमिनीवर नव्हताच. ओट्यावर होता.

पारबतामाय खराटा घेऊन आलीच. मी तिला विचारलं, हा ओटा कधीचा. तिला वाटलं मी कौतुक करतोय. "तुमी पहिल्यांदा येऊन गेले ना, त्याच हप्त्यात. लाल देव भुईवर पडला होता. देव भुईवर ठेवू नये, साहेब. गोदीनं विटा वाहून आणल्या, मी मांडल्या. जागचा इकडंतिकडं केला नाही, फक्त वर घेतला."

वर घेतला होता दीड फूट. दगड तेवढा वर गेला आणि मी तो भुईवरच आहे असं धरून मोजलं, म्हणून माझ्या कागदावर सगळा मठ दीड फूट खाली गेला. कागदावर मुक्याबाबा बुडाला, आणि कागदाने त्याला गाडीत घातलं. हे सगळं माझ्या डोक्यात उलगडत असताना ती समोर उभी होती. विटा नीट बसल्यात ना म्हणून विचारत होती.

मी तिला अर्धंच सांगितलं. म्हटलं, माय, माझी मोजणी चुकली, ताळा करायला पाहिजे होता, केला नाही. पाणी वर येणारच नव्हतं. विटांचं मी सांगितलं नाही. खोटं मी बोललो नाही, ताळा करणं माझंच काम होतं. तरी आजही मला नक्की सांगता येत नाही, की तिला वाचवायला गप्प बसलो की तिच्यासमोर हे बोलायचं धैर्य झालं नाही म्हणून. ती खाली बसली. मग म्हणाली, "चुकते माणसाचं. तं आता आणून द्या त्याले."

आणून द्यायला मी निघालो तेव्हा मला कळलं, की नेण्यासाठी माझा एक कागद पुरला होता. आणण्यासाठी कागदांना अंत नव्हता. अर्ज केले. गावाने ठराव केला, त्यावर दोन्ही वस्त्यांनी सह्या आणि अंगठे दिले. उत्तर आलं, मूर्ती सुरक्षित आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं, मूर्ती सुरक्षित आहे. माझी मोजणी चुकली होती असं मी लेखी दिलं. त्याबद्दल मला वरिष्ठांकडून समज मिळाली, मूर्ती मात्र सुरक्षितच राहिली.

शेवटी मी दोघींना तिकडे घेऊन गेलो. मोठ्या शहरातली, जुन्या मूर्ती ठेवायची सरकारी कोठी, एस.टी.ने पाऊण दिवसाचा प्रवास. माय नवं लुगडं नेसली होती. कोठीच्या दारावरचा माणूस सभ्य होता. त्याने वहीत नावं लिहून घेतली आणि सांगितलं, खायचं काही आत नेता येत नाही. पारबतामायने पदराची गाठ सोडून गुळाचा खडा त्याच्या टेबलावर ठेवला. आत मांडण्यांच्या रांगा आणि खाली जमिनीवर मुक्याबाबा. शेंदूर सगळा काढलेला. कोपरं दिसत होती, बोटं दिसत होती. पायाशी चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. झिजलेला ओठ आता स्वच्छ दिसत होता. आणि खरं सांगतो, मूर्ती सुंदर होती. मी इतकी सुंदर मूर्ती पाहिली नव्हती, आणि ती सुंदर आहे याचा मला राग आला.

गोदीने त्याला ओळखलं नाही. ती इकडे तिकडे पाहत राहिली. मायने तिचा हात धरून मूर्तीच्या खालच्या ओठावर ठेवला, तेव्हा तिच्या बोटाला कळलं. ती तिथेच फरशीवर त्याच्या शेजारी बसली आणि पाच वाजेपर्यंत उठली नाही. दारावरचा माणूस दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याने घड्याळ दाखवलं. पारबतामाय गोदीला उठवत म्हणाली, "गोदी म्हणते, बरं हाय इथं त्याले. पंखा हाय." बाहेर येताना टेबलावरचा खडा उचलायला ती विसरली. मी मागे वळून पाहिलं तर त्याला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर ती खचत गेली. भाजीचा तुकडा पुतण्याने, रामेश्वरने, करायला घेतला. मठावर जाणं तिने सोडलं नाही, पण झाडायला आता काही नव्हतं. मी महिन्या दोन महिन्यांनी जात असे. ती अर्जाचं विचारायची. मी सांगायचो, चालू आहे. एकदा तिने विचारलं, "मी मेल्यावर हे कुठं बसन?" या वेळी तिने गोदीचं नाव पुढे केलं नाही, स्वतःच विचारलं. मी पाहतो काहीतरी, असं म्हणालो. माझ्या आयुष्यात मी बोललेलं ते सगळ्यात पोकळ वाक्य असेल.

रामेश्वरचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या गाडीत बसत होतो. उतरलो आणि उलट दिशेची बस धरली. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणात तिला ठेवलं होतं. तिरडी बांधून झाली होती, तोंडात पाणी घालून झालं होतं, बायका बसल्या होत्या. गोदी कुठे दिसेना. मग ती मागच्या दाराने आली. मला पाहून तिने पाच बोटं दाखवली नाहीत. तिच्या चिमटीत गुळाचा खडा होता. ती आईजवळ उकिडवी बसली, एका बोटाने तिची हनुवटी जराशी खाली केली आणि खडा खालच्या ओठावर ठेवला. मग समोर मांडी घालून बसून राहिली.

काय चाललंय ते अंगणातल्या सगळ्यांना कळलं. त्यातल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी आपलं लेकरू गोदीपुढे धरलं होतं. कुणी तिला उठ म्हटलं नाही. खांदेकरी उभेच राहिले. ऊन सरकत गेलं. बऱ्याच वेळाने, अंगणाच्या भेगेतून निघालेली एक मुंगी लुगड्याच्या काठावरून वर चढली आणि खड्याशी पोचली. गोदीने खडा उचलला, मुंगीला फुंकर मारली आणि तो स्वतःच्या जिभेवर ठेवला. तोंड मिटलं. आईच्या तोंडाकडे बघत ती बसली.

रामेश्वर माझ्या बाजूला उभा होता. तो माणूस वाईट नाही. त्याने डोळे पुसले आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, आता हिचं काय कराव?" अंगणातले लोक माझ्याकडे पाहू लागले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"गोदी म्हणते," मी सुरुवात केली, आणि पुढे मला काही सुचेना.